कोणतं मूळ उपटणार?

‘मेंदूच्या कॅन्सरचं मूळ सापडलं!’ हा मथळा मराठी वाचकाला आता नवा राहिलेला नाही. आरोग्य पुरवणीत तो अधूनमधून उगवतो आणि मधल्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. मथळ्याखालचा युक्तिवादही ठरलेला. गाठीतल्या सगळ्याच पेशी काही सारख्या घातक नसतात. खऱ्या सूत्रधार मूठभरच असतात. त्यांना ओळखण्याची खूण आता हाती आली आहे, तेवढ्या टिपल्या की उरलेली गाठ आपोआप सुकून जाईल. या युक्तिवादाचा जरा जास्त शिकलेला धाकटा भाऊही आहे. तो म्हणतो, गाठीचा तुकडा जनुकीय तपासणीला पाठवा, तिचा ‘प्रकार’ कळेल, प्रकार कळला की नेमकं औषध देता येईल, आणि सरसकट केमो-रेडिएशनचे दिवस संपतील.

दोन्ही म्हणणी हवेतून आलेली नाहीत. त्यांच्यामागे नामवंत प्रयोगशाळांचं, नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेलं काम आहे. त्यामुळे अफवा म्हणून ती झटकून टाकता येत नाहीत, त्यांच्याशी मुद्द्यावरच भांडावं लागतं. माझं म्हणणं ग्लायोब्लास्टोमा या एका गाठीपुरतं आहे आणि ते असं: या गाठीला एक मूळ नाही, एक प्रकारही नाही. तिच्यातल्या पेशी नाना तऱ्हेच्या असतात एवढ्यावर हे थांबत नाही. त्या आपली तऱ्हा बदलतात, आणि गरज पडली तर पुन्हा पहिल्यासारख्या होतात. पेशी आज काय आहे हे बघून औषध नेमायचं, तर औषध काम करू लागेपर्यंत ती पेशी तीच राहिलेली नसते.

आधी रोगाबद्दल थोडं. शरीरात दुसरीकडे सुरू होऊन मेंदूत पसरलेले कॅन्सर सोडले, तर प्रौढांच्या मेंदूतली सर्वांत जास्त आढळणारी घातक गाठ ग्लायोब्लास्टोमाच. २००५ साली रॉजर स्टुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसतं रेडिएशन घेतलेले निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांच्या आत दगावले. रेडिएशनला टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूलची जोड दिली, तेव्हा हा आकडा १४.६ महिन्यांवर गेला. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर पोचलं, ही त्यातली खरी कमाई. मुंबई असो की बोस्टन, शस्त्रक्रियेनंतरचा पायाभूत उपचार आजही तोच आहे. मधल्या वीस वर्षांत ‘मूळ’ कितीदा सापडलं याचा हिशोब ज्याने-त्याने करावा.

आणि मूळ उपटण्याचा प्रयोग अगदी शब्दशः करूनही झालेला आहे. १९२८ साली वॉल्टर डँडी या अमेरिकन शल्यविशारदाने अशा रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा गोलार्ध काढून टाकल्याची हकीकत प्रसिद्ध केली. अर्धा मेंदू गेला, तरी त्या रुग्णांचा कॅन्सर बरा झाला नाही. कारण एमआरआयवर जी कड दिसते, तिच्या पलीकडे या पेशी केव्हाच गेलेल्या असतात. रक्तवाहिन्यांच्या कडेने आणि मज्जातंतूंच्या जुड्यांमधून त्या दूरवर सरकतात.

या गाठीची एकच काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघा. गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या त्या चकतीत एका बाजूला लहान, एकसारख्या, गच्च भरलेल्या पेशी दिसतील. काच जराशी सरकवली की अवाढव्य, वेड्यावाकड्या पेशी, एकेकीत अनेक केंद्रकं. आणखी थोडी सरकवली की मेलेल्या ऊतीचा फिकट पट्टा, आणि त्याच्या कडेने दाटीवाटीने उभ्या असलेल्या पेशींची रांग. मधल्या भागाला ऑक्सिजन मिळेनासा झाला आणि जगू शकल्या त्या पेशी कडेला सरकल्या, असा या रांगेचा अर्थ लावला जातो. जवळच नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्यांचे गुंतवळे. हे सगळं एका नखाएवढ्या तुकड्यात. पॅथॉलॉजिस्ट लोकांना ही विविधता शंभर वर्षांपासून दिसते आहे आणि ती कोणी नाकारत नाही. भांडण आहे ते तिचा अर्थ काय लावायचा यावर.

मूळवाद्यांनी लावलेला अर्थ रक्ताच्या कॅन्सरच्या अभ्यासातून आला. तिथे पेशींची उतरंड असते: वर थोड्या स्टेम सेल, खाली त्यांची वाढ खुंटलेली संतती. मेंदूच्या गाठीतही असंच असणार, असा अंदाज होता. २००४ साली टोरांटोच्या शीला सिंग आणि पीटर डर्क्स यांनी त्याला पुरावा दिला. माणसांच्या गाठीतून काढलेल्या पेशी त्यांनी सीडी१३३ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या खुणेवरून वेगळ्या केल्या. खूण असलेल्या अवघ्या १०० पेशी उंदराच्या मेंदूत टोचल्या, गाठ झाली. खूण नसलेल्या एक लाख पेशी टोचल्या, गाठ झाली नाही. प्रयोग देखणा होता, त्याचा दबदबा झाला तो उगाच नव्हे. दोनच वर्षांत जेरेमी रिच यांच्या गटाने दाखवलं की याच खुणेच्या पेशी रेडिएशनने तुटलेला डीएनए अधिक तत्परतेने दुरुस्त करतात. मूळ सापडलं आणि ते उपचाराला दाद का देत नाही तेही सापडलं. मथळे तिथून सुरू झाले.

पुढची गोष्ट मथळ्यात आली नाही. दुसऱ्या प्रयोगशाळांनी सीडी१३३ नसलेल्या पेशी टोचल्या, तेव्हा त्यांच्याही गाठी झाल्या. मूळवादी म्हणाले, खूण चुकली असेल, दुसरी शोधू. मग सीडी१५ आली, सीडी४४ आली, ए२बी५ आली. लक्झेंबर्गच्या एका गटाने २०१९ मध्ये या चारही खुणा एकत्र घेऊन पेशींचे सोळा गट पाडले आणि त्यांना वेगवेगळं वाढवलं. निष्कर्ष असा निघाला की स्टेमपणाची कुवत कोणत्याही एका गटाची मिरास नाही. गट निवडून वेगळा काढला, तरी काही काळाने त्याच्यातून इतर तऱ्हा पुन्हा तयार होतात आणि मिश्रण आपल्या जुन्या प्रमाणाकडे परत येतं. हे प्रमाण कोण ठरवतं? भोवतालची परिस्थिती. ऑक्सिजन कमी केला की प्रमाण बदलतं.

त्याआधी, २०१४ मध्ये, मारिओ सुवा आणि सहकाऱ्यांनी ‘संतती’ ठरवलेल्या, गाठ निर्माण करू न शकणाऱ्या पेशी घेतल्या आणि त्यांच्यात जनुकांना चालू-बंद करणारी चार प्रथिनं सक्रिय केली. पेशी उलट्या दिशेने गेल्या, स्टेम सेलसारख्या झाल्या, उंदरात गाठ करू लागल्या. म्हणजे उतरंड असलीच, तर तिच्यावर वर चढताही येतं. ज्या उतरंडीत तळातली पेशी माथ्यावर जाऊ शकते, तिला उतरंड कशासाठी म्हणायचं?

हरळी काढलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. नांगराने तिचे तुकडे केले म्हणून ती मरत नाही. ओल्या मातीत राहिलेल्या प्रत्येक कांड्याला पेरापाशी नवी मुळं फुटतात. हरळीत मूळ ही एक जागा नसते, ती पेरापेराची कुवत असते. ग्लायोब्लास्टोमातलं स्टेमपण तसंच आहे.

मूळवाद्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा बाजूला ठेवून वाद जिंकण्यात अर्थ नाही, म्हणून तोही सांगतो. २०१२ साली लुइस पॅराडा यांच्या गटाने जनुकं बदललेल्या उंदरांमध्ये मेंदूची गाठ निर्माण केली आणि टेमोझोलोमाइड दिलं. विभाजन पावणाऱ्या पेशी मेल्या, आणि गाठ पुन्हा वाढू लागली ती एका शांत बसलेल्या पेशीगटातून. तो गट दुसऱ्या औषधाने मारला, तेव्हा गाठीची वाढ रोखली गेली. यातून काय सिद्ध होतं? त्या वेळी, त्या गाठीत, पुन्हा उगवण्याचं काम कोणत्या पेशी करत होत्या, हे सिद्ध होतं. त्यांची जागा दुसऱ्या पेशी कधीच घेऊ शकणार नाहीत, हे सिद्ध होत नाही. शिवाय त्या उंदरांच्या गाठी ठरावीक जनुकं बिघडवून घडवलेल्या होत्या. माणसाची गाठ इतकी शिस्तीत तयार होत नाही.

आता धाकटा भाऊ, प्रकारवादी. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पाने सर्वांत आधी हात घातला तो ग्लायोब्लास्टोमालाच. २००८ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले. २०१० मध्ये त्याच साठ्यातून गाठींचे चार प्रकार जाहीर झाले: प्रोन्यूरल, न्यूरल, क्लासिकल आणि मेसेंकायमल. परिषदांमध्ये या चार नावांची चलती झाली. प्रत्येक रुग्ण एका खान्यात बसेल आणि प्रत्येक खान्याला आपलं औषध मिळेल, असं चित्र होतं. चारपैकी एक प्रकार पुढे गाळावा लागला, हे प्रकारवादी फारसं सांगत नाहीत. ‘न्यूरल’ हा गाठीचा प्रकार नव्हताच. तुकड्यात मिसळून आलेल्या निरोगी मेंदूचा तो आवाज होता.

खरी अडचण त्याहून खोल होती. हे प्रकार ठरवताना गाठीचा तुकडा घेऊन, त्यातल्या सगळ्या पेशींचा एकत्र लगदा करून, जनुकांची सरासरी मोजली होती. २०१४ मध्ये सरासरी बाजूला ठेवून एकेका पेशीतला आरएनए वाचला गेला. पाच रुग्ण, ४३० पेशी. पाचही गाठींत एकाहून अधिक ‘प्रकारां’च्या पेशी शेजारी-शेजारी सापडल्या. रुग्णाच्या रिपोर्टवर लिहिलेला प्रकार म्हणजे त्या तुकड्यात जी तऱ्हा जास्त भरली तिचं नाव. सुईने दोन सेंटिमीटर पलीकडचा तुकडा उचलला असता, तर रिपोर्ट वेगळा येऊ शकला असता. एकाच गाठीचे निरनिराळ्या जागचे तुकडे तपासणाऱ्यांना आधीच्या वर्षी तेच आढळलं होतं.

२०१९ मध्ये सुवा यांच्यासह इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या इताय तिरोश यांनी २८ गाठींमधल्या हजारो पेशी अशाच एकेक करून वाचल्या, आणि गर्दीत एक व्यवस्था दिसली. पेशींच्या मुख्य अवस्था चार. तीन अवस्था मेंदूच्या वाढीच्या काळातल्या पेशींची नक्कल करणाऱ्या: एक मज्जापेशींच्या पूर्वजांसारखी, एक ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वजांसारखी, एक अ‍ॅस्ट्रोसाइटसारखी. चौथी मेसेंकायमल, ऑक्सिजनच्या तुटवड्याशी आणि दाहाशी जोडलेली. बहुतेक गाठींत यांतल्या अनेक अवस्था एकत्र नांदतात. कोणती वरचढ असेल हे जनुकांच्या बिघाडावर थोडंबहुत ठरतं. ईजीएफआरच्या प्रती वाढल्या असतील तर अ‍ॅस्ट्रोसाइटसारख्या पेशी जास्त, पीडीजीएफआरए वाढलं असेल तर ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वजांसारख्या जास्त, एनएफ१ बिघडलं असेल तर मेसेंकायमल जास्त. जास्त म्हणजे फक्त तेवढ्याच नव्हेत, हे महत्त्वाचं. याच अभ्यासात एका अवस्थेच्या पेशी वेगळ्या काढून, त्यांना डीएनएचे बारकोड लावून उंदरात टोचल्या. उगवलेल्या गाठीत बाकीच्या अवस्थाही हजर होत्या, आणि बारकोड सांगत होते की वंश एकच आहे. अवस्था म्हणजे पेशीची जात नव्हे, तिचा आजचा मुक्काम. पत्ता बदलणाऱ्याचा जुना पत्ता छापून त्यावर औषध पाठवायचं, याला नेमका उपचार म्हणणं धाडसाचं आहे.

नेमक्या औषधाचं काय होतं, हे पाहायला ईजीएफआर-व्ही३ ची कहाणी पुरेशी आहे. ईजीएफआर हा पेशीला वाढीचा हुकूम देणारा ग्राही (रिसेप्टर). त्याचा एक तुकडा गळालेला अवतार अनेक ग्लायोब्लास्टोमांत सापडतो, निरोगी ऊतीत सापडत नाही. निशाणा धरायला याहून चांगली जागा कोणती? रिंडोपेपिमट ही लस त्याच्याविरुद्ध बनवली गेली. आधीच्या, नियंत्रण गट नसलेल्या छोट्या चाचण्यांत तिचे आकडे उत्साहवर्धक होते. मग ७४५ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये ती थांबवावी लागली, कारण फायदा दिसण्याची आशा उरली नव्हती. शस्त्रक्रियेनंतर गाठ जवळपास न उरलेल्या रुग्णांत लस घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य २०.१ महिने, न घेतलेल्यांचं २०.० महिने.

यातला सगळ्यात बोलका भाग वेगळाच आहे. गाठ परत आल्यावर ज्यांचा तुकडा पुन्हा तपासता आला, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांत ईजीएफआर-व्ही३ नाहीसा झालेला होता. लस घेतलेल्यांत झाला, यात नवल नाही. लस न घेतलेल्यांतही जवळपास तेवढ्याच प्रमाणात झाला. निशाणाच मुळात हलत होता. लसीने तो हलवला असंही म्हणता येत नाही.

तो कसा हलतो, याचं एक उत्तर पॉल मिशेल यांच्या गटाने २०१४ मध्ये दिलं होतं. या जनुकाच्या प्रती बऱ्याचदा गुणसूत्रावर नसतात, गुणसूत्राबाहेर तरंगणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असतात. पेशी विभागताना या कड्यांची वाटणी समसमान होत नाही, म्हणून एका पेशीत त्या भरपूर आणि शेजारणीत थोड्या. ईजीएफआरला रोखणारं एर्लोटिनिब दिलं, तेव्हा ईजीएफआर-व्ही३ च्या कड्या दिसेनाशा झाल्या. औषध बंद केलं, आणि कड्या परतल्या. औषधाने शत्रू मेला असं समजून आपण आनंद साजरा करतो तेव्हा तो फक्त नजरेआड झालेला असतो, आणि पाळत उठल्याचं त्याला कळतं. मला तरी या सगळ्या वाङ्मयात याहून अस्वस्थ करणारा प्रयोग माहीत नाही.

प्रकारवाद्यांचं यावर ठरलेलं उत्तर म्हणजे इमॅटिनिब. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, सीएमएलमध्ये, एकाच बिघाडावर नेम धरणारी गोळी २००१ मध्ये आली आणि जीवघेणा रोग गोळ्या घेऊन वर्षानुवर्षं जगण्याचा रोग झाला. मग मेंदूत का नाही? कारण सीएमएलच्या जुनाट टप्प्यात तो एक बिघाड रोगाच्या बुडाशी असतो आणि रोगाच्या प्रत्येक पेशीत असतो. ग्लायोब्लास्टोमात ईजीएफआरच्या प्रती वाढलेली पेशी, पीडीजीएफआरएच्या प्रती वाढलेली पेशी आणि एमईटीच्या प्रती वाढलेली पेशी एकाच गाठीत शेजारणी म्हणून राहतात. २०११-१२ मध्ये ते काचेवर रंगवून दाखवलं गेलं आहे. एकीला रोखलं की दुसरीला जागा मोकळी. त्यात मेंदू-रक्त अडसर बरीच औषधं आत येऊ देत नाही, ती वेगळीच तक्रार.

‘एका औषधाला दाद न देणारं नवं म्युटेशन शोधू आणि त्यावर दुसरं औषध देऊ,’ ही पुढची माघार. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ती चाललीही. पण २०१९ मध्ये ‘ग्लास’ या आंतरराष्ट्रीय गटाने २२२ रुग्णांच्या आधीच्या आणि परतलेल्या गाठींचा डीएनए शेजारी-शेजारी ठेवून वाचला, तेव्हा उपचारांमुळे ठरावीक नवी म्युटेशनं निवडली जातात असं सर्वसाधारण चित्र दिसलं नाही. गाठ उपचाराला दाद देईनाशी झाली, पण डीएनएत त्याची ठळक नोंद नाही. याचा अर्थ इतकाच की बदल डीएनएच्या अक्षरांत शोधून भागणार नाही. तो अवस्थांमध्ये आणि गाठीच्या भोवतालातही शोधावा लागतो, आणि जनुकीय पॅनेलचा जाडजूड रिपोर्ट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

जनुकीय तपासणीच फोल, असं मात्र मी म्हणत नाही. आयडीएच जनुकात म्युटेशन आहे की नाही, हे तपासल्याशिवाय आज निदानच पुरं होत नाही. २०२१ च्या जागतिक वर्गीकरणानुसार ते म्युटेशन असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणत नाहीत. अशा, कमी दर्जाच्या गाठींत व्होरासिडेनिब या नेमक्या औषधाने रोग न वाढता काढलेला काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर नेला, हे २०२३ मध्ये दिसलं. एमजीएमटी या जनुकाची तपासणी टेमोझोलोमाइड किती उपयोगी पडेल याचा अंदाज देते. लहान मुलांच्या मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे प्रकार तर खरोखरच प्रकार आहेत, आणि ‘डब्ल्यूएनटी’ प्रकारातली बहुसंख्य मुलं बरी होतात. आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात नीलम शिरसाट यांच्या गटाने, मेणात जतन केलेल्या तुकड्यांवरही हे प्रकार ओळखता येतील अशी चाचणी विकसित केली. ते काम मोलाचं आहे. आक्षेप आहे तो एका गाठीतलं यश दुसऱ्या गाठीच्या रुग्णाला विकण्यावर.

आणखी एक पक्ष आहे, त्याचाही समाचार घ्यायला हवा. पेशी इतक्या तऱ्हेच्या आणि त्यातही बदलत्या, मग संशोधकांनी हात टेकावेत आणि घरच्यांनी काढे पाजावेत, असं म्हणणारा. काही वेळा खुद्द डॉक्टरही अपयशाचं खापर ‘हेटरोजिनिटी’वर फोडून मोकळे होतात. त्या मोठ्या शब्दाने पुढचा प्रश्न विचारण्याची गरज संपते. पण अवस्था अनंत नाहीत, हेच तर २०१९ च्या अभ्यासाचं सांगणं आहे. मोजक्या आहेत, आणि एकीतून दुसरीत जाण्याला कारणं आहेत. मेसेंकायमल अवस्थेकडे ढकलणारा एक संकेत गाठीत शिरलेल्या मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींकडून येतो, त्याचा रेणूही ठाऊक झाला आहे. २०१९ मध्येच हायडेलबर्ग आणि स्टॅनफर्ड इथल्या गटांनी दाखवलं की निरोगी मज्जापेशी आणि गाठीतल्या पेशी यांच्यात प्रत्यक्ष सिनॅप्स जुळतात आणि मेंदूतली विजेची हालचाल गाठीच्या वाढीला खतपाणी घालते. त्यातून पेरॅम्पॅनेलसारखं फिट्सचं औषध या गाठीत वापरून बघण्याच्या चाचण्या निघाल्या. निघाल्या, एवढंच म्हणतो. यशाचा मथळा मी देणार नाही.

खारघरचंच दुसरं काम इथे सांगण्यासारखं आहे. शिल्पी दत्त यांच्या गटाने ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींवर प्राणघातक मात्रेचं रेडिएशन सोडलं आणि वाचलेल्या थोड्या पेशींवर पुढचे दिवस नुसती पाळत ठेवली. त्या पेशींनी विभागणं बंद केलं. मग त्या एकमेकींत विलीन होऊ लागल्या. अनेक केंद्रकांच्या अजस्र पेशी तयार झाल्या. काही दिवस त्या तशाच राहिल्या, आणि मग त्यांच्यातून पुन्हा वाढणाऱ्या पेशी बाहेर पडल्या. मघाशी काचेवर दिसलेल्या अजस्र पेशी सगळ्या अशाच जन्मल्या असा दावा नाही. पण रेडिएशननंतर वाचलेली पेशी कोणत्या वाटेने जाते, कुठे थांबते, किती दिवस थांबते, हे पाहता येतं आणि ती थांबलेली असताना तिला अडवता येईल का हा प्रश्न प्रयोगशाळेत विचारता येतो. मूळ शोधणाऱ्यांच्या नजरेतून हा प्रश्न सुटतो, कारण त्यांना पेशीचं नाव हवं असतं, तिची वाटचाल नको असते.

एकाऐवजी दोन निशाणे धरायचे, हाही एक मार्ग. २०२४ मध्ये बोस्टनमध्ये तीन रुग्णांना अशा सीएआर-टी पेशी, म्हणजे जनुकं बदललेल्या प्रतिकारपेशी, दिल्या गेल्या: त्या ईजीएफआर-व्ही३ ओळखतात आणि शिवाय साध्या ईजीएफआरला धरणारा रेणूही सोडतात. एका ५७ वर्षांच्या महिलेची गाठ पाच दिवसांत एमआरआयवरून जवळपास पुसली गेली. तिघांपैकी दोघांत परिणाम टिकला नाही, गाठ परत आली. या बातमीचा पहिला अर्धा भाग किती वेगाने फिरला आणि दुसरा किती, हे वाचकांनी आपापले फोन उघडून पाहावं.

म्हणून संपादकांना विनंती, ‘मूळ सापडलं’ छापण्याआधी दोनच गोष्टी विचारा: प्रयोग उंदरात झाला की माणसांत, आणि माणसांत झाला असेल तर उपचार न घेतलेल्यांच्या तुलनेत आयुष्य किती महिन्यांनी वाढलं. रुग्णाच्या घरच्यांनी महागडं ‘टार्गेटेड’ औषध सुचवलं गेल्यावर हेच विचारावं, आणि जोडीला हेही, की तो निशाणा गाठीत आज आहे हे कशावरून. दुसरी शस्त्रक्रिया सगळ्यांची होत नाही. ज्यांची होते, त्यांच्या डॉक्टरांनी निघालेला तुकडा पुन्हा तपासणीला पाठवावा. पहिल्या तुकड्याच्या रिपोर्टवर दुसऱ्या गाठीचं औषध लिहून देऊ नये.